दश्शी जपून ठेवू नका : मेंढीकोट शिकणाऱ्यांच्या नेहमीच्या चुका

पत्ते हा मराठी मध्यमवर्गीय घरात नेहमीच थोड्या संशयाने पाहिला गेलेला खेळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे सांगितले, २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीने ब्रिजमध्ये भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. तरीही ‘पत्ते कुटणे’ हा आपल्याकडे अजून रिकामटेकडेपणाचाच पर्याय मानला जातो. या सरसकट संशयातून मेंढीकोट मात्र बऱ्याच अंशी सुटला. बदाम सात, झब्बू, पाच-तीन-दोन यांच्याबरोबर तो मे महिन्याच्या सुटीतला घरचा खेळ म्हणून खपून गेला आणि या सगळ्यांत डोके वापरायला लावणारा खेळ म्हणून ज्येष्ठांनीही त्याला आपले म्हटले.

अडचण एकच. हा खेळ कोणी बसवून शिकवत नाही. अमेरिकेत माहजाँग खेळणाऱ्यांसाठी १९३७ मध्ये स्थापन झालेली नॅशनल माहजाँग लीग दरवर्षी कोणत्या जुळण्या ग्राह्य याचे छापील कार्ड काढते. नवशिक्या ते समोर ठेवून खेळतो आणि निदान नियमांवरून तरी वाद होत नाही. मेंढीकोटला असे कार्ड नाही. चौथा भिडू कमी पडला म्हणून बसवले जाते, आणि पहिल्या दहा डावांत जे कानी पडेल तेच शिक्षण. परिणामी नवशिक्यांच्या चुका पिढ्यान्‌पिढ्या त्याच राहतात आणि त्या का चुका आहेत हे सांगण्याऐवजी समोरचा भिडू केवळ डोळे वटारतो. या लेखात त्या चुकांमागची कारणे पाहू.

प्रथम खेळ थोडक्यात. चार खेळाडू, समोरासमोर बसणारे दोघे एकमेकांचे भिडू. बावन्न पानांचा पूर्ण कॅट, प्रत्येकाला तेरा पाने. एक्का सर्वांत मोठा, मग राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि शेवटी दुर्री. ज्याची उतारी असेल तो पान टाकतो, इतरांनी त्याच रंगाचे पान द्यायचे. नसेल तरच दुसरे. (येथे रंग म्हणजे लाल-काळा नव्हे, तर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हे चार. अगदी नवख्या मुलांची पहिली गफलत इथेच होते.) चार पानांचा मिळून एक हात होतो. असे तेरा हात. परंतु खेळ हातांचा नाही, चार दश्श्यांचा आहे. या खेळापुरते दश्शीला मेंढी म्हणतात. ज्या जोडीने जिंकलेल्या हातांत तीन किंवा चार मेंढ्या आल्या ती जोडी जिंकली. दोन-दोन अशी बरोबरी झाली, तर ज्यांचे हात सात किंवा अधिक ते विजयी. तेरा ही संख्या विषम असल्याने डाव अनिर्णित राहू शकत नाही. चारही मेंढ्या एकीकडे आल्या की मेंढीकोट, आणि तेराही हात झाले तर बावन्न पानी मेंढीकोट, जो पाहण्याचे भाग्य क्वचितच लाभते. उत्तरेत ‘दहला पकड’ नावाने खेळला जातो तो याचाच सख्खा भाऊ.

आधी विचारा, मग पान टाका

पुण्यातील एखाद्या सोसायटीत मेंढीकोट शिकलेला मुलगा सुटीत आजोळी, समजा बीड जिल्ह्यात केज तालुक्यातील युसूफ वडगावला गेला. दुपारी ऊन असे की बाहेर पाऊल टाकवत नाही. ओसरीत चटई पडते आणि मामा त्याला भिडू म्हणून समोर बसवतो. पहिल्याच डावात ठिणगी पडण्याची शक्यता मोठी, कारण दोघांनाही आपलेच नियम खरे वाटतात. पाने उजवीकडून वाटायची की डावीकडून? हुकूम कट की बंद? बंद असेल तर तो पहिल्या पाच पानांवर ठरवायचा की तेरा पाने हाती आल्यावर? रंग नसताना हुकूम उघडायला लावणे सक्तीचे की ऐच्छिक? उघडायला लावल्यावर हुकमाचेच पान टाकावे लागते काय? तिसरी मेंढी आली की डाव संपवायचा की चौथीसाठी पुढे खेळायचे?

या प्रश्नांची एकच अचूक उत्तरे नाहीत. घरोघरी, गावोगावी ती बदलतात आणि जिथे बसलो आहोत तिथलीच ग्राह्य धरायची असतात. ‘आमच्याकडे असे नसते’ हे वाक्य डाव सुरू होण्यापूर्वी उच्चारल्यास माहिती ठरते, मधेच उच्चारल्यास भांडण. नवशिक्याने हे सहा प्रश्न पहिले पान वाटण्याआधी विचारून घेतले तर निम्मी अप्रतिष्ठा टळते.

दश्शीची चिंता

आता मुख्य चूक. नवशिक्याला कळलेले असते की दश्शी मौल्यवान आहे. म्हणून तो तिला जपतो. भिडूने चौकटचा एक्का उतरला, आपल्या हाती चौकटची दश्शी आणि पंजी आहे. नवशिक्या पंजी टाकतो आणि दश्शी ‘नंतरसाठी’ ठेवतो. ही नंतरची संधी बहुतेक वेळा येतच नाही.

हे केवळ अनुभवाचे बोल नाहीत, साधे गणितही तेच सांगते. एखाद्या रंगाची तेरा पाने. त्यातील चार एक्का उतरणाऱ्याकडे आहेत असे धरू. उरलेली नऊ इतर तिघांत विभागलेली. पत्ते नीट पिसलेले असतील, तर पहिल्याच फेरीत दोन प्रतिस्पर्ध्यांपैकी कोणाकडे तो रंग अजिबात नसण्याची शक्यता शंभरात अवघी तीन. दुसऱ्या फेरीपर्यंत त्यांच्यापैकी निदान एकाकडचा रंग संपलेला असण्याची शक्यता शंभरात सुमारे बावीस होते. आणि तिसऱ्या फेरीला ती पासष्टपर्यंत चढते. म्हणजे पहिल्या फेरीत एक्क्याखाली दिलेली दश्शी जवळजवळ घरात आली. तिसऱ्या फेरीपर्यंत जपलेली दश्शी कापली जाणे हेच अधिक संभवनीय. एक्क्यावर दश्शी देण्याची वेळ पहिलीच असते.

मात्र हे आकडे उतारी करणाऱ्याकडे किती पाने आहेत यावर अवलंबून आहेत. त्याच्या हाती एकाच रंगाची सात पाने असतील तर बाहेर सहाच उरतात, आणि पहिल्याच फेरीत प्रतिस्पर्ध्याकडून एक्का कापला जाण्याची शक्यता शंभरात चौदाच्या आसपास जाते. नवशिक्याला भरगच्च रंगातील एक्का सर्वांत भक्कम वाटतो. वस्तुतः आखूड रंगातील एक्का पहिल्या फेरीत अधिक सुरक्षित असतो. (घरगुती डावांत पत्ते पुरेसे पिसले जात नाहीत, मागच्या डावातील हात तसेच चिकटून पुन्हा वाटले जातात, त्यामुळे वाटणी गणितापेक्षा बरीच वेडीवाकडी येऊ शकते. पिसण्याचा आळस ही चूक नवशिक्यांची नाही, सर्वांचीच.)

याच्याशी जुळी असलेली दुसरी चूक म्हणजे एक्का आणि दश्शी दोन्ही आपल्याच हाती आल्यावर निर्धास्त होणे. आपला एक्का आपलीच दश्शी वाचवू शकत नाही. एका हातात आपले एकच पान पडते. नवशिक्या एक्का उतरतो, हात करतो आणि लगेच त्याच रंगाची दश्शी उतरतो. तिच्यावर राजा, राणी किंवा गुलाम यांतील कोणतेही पान पुरे असते. अशा वेळी एक्का रोखून धरावा. भिडूने त्या रंगाचा राजा उतरला तर त्यावर एक्का मुळीच टाकू नये, दश्शी द्यावी; एक्का आपल्याकडे असताना भिडूच्या राजाला हुकमाशिवाय कोणी मारू शकत नाही. भिडूच्या राजावर एक्का टाकणारा नवशिक्या प्रत्येक घरात एकदा तरी होऊन गेलेला असतो. त्याने एका हातासाठी दोन मोठी पाने खर्च केलेली असतात आणि दश्शी उघड्यावर ठेवलेली असते.

याचा अर्थ दश्शी कधीही फेकावी असा नाही. ती कोणत्या क्रमांकावरून टाकली जात आहे हे पाहावे. आपण चौथे असू आणि हात भिडूचा होत असेल तर विचार करण्याचे कारणच नाही, दश्शी द्यावी. आपण तिसरे असू, तर आपल्यामागे एकच प्रतिस्पर्धी उरतो. त्याच्याकडे तो रंग आहे की नाही हे आधीच्या फेऱ्यांवरून आठवावे. आपण दुसरे असू, म्हणजे उतारी प्रतिस्पर्ध्याची आणि भिडूचे पान अजून पडायचे आहे, तर दश्शी सहसा देऊ नये. भिडूकडे एक्का असेलच या आशेवर दिलेली दश्शी ही दुसऱ्याच्या खिशातील पैशांवर केलेली खरेदी होय. आणि हाती एखाद्या रंगाची एकटी दश्शीच असेल तर तिचे नशीब भिडूच्या उतारीवर. तिच्यापासून मोकळे होण्यासाठी ती स्वतः उतरणे हा घाबरटपणा, ज्याचा फायदा बहुधा प्रतिस्पर्ध्यांना होतो.

चौथ्या, म्हणजे हुकमाच्या दश्शीची गोष्ट वेगळी. ती स्वतःच कापू शकते. रंग संपलेला आहे, आपण शेवटचे आहोत, हातावर हुकूम पडलेला नाही. अशा वेळी दुर्री-तिर्रीने कापण्याऐवजी हुकमाच्या दश्शीने कापले तर मेंढी तिथल्या तिथे घरात येते. नवशिक्या नेमके उलट करतो. लहान हुकमाने कापतो, दश्शी मोठी म्हणून राखतो आणि शेवटी प्रतिस्पर्धी हुकमाचा एक्का उतरून ती ओढून नेतो. आपल्यामागे कोणी शिल्लक असेल तर मात्र सावध राहावे. त्याच्याकडेही रंग नसेल तर तो गुलामाने वरचढ कापू शकतो.

हुकूम

कट हुकमात सुरुवातीला हुकूम नसतोच. ज्याच्याकडे उतारीचा रंग प्रथम संपतो, तो जे पान टाकतो त्याचा रंग हुकूम ठरतो. हा अधिकार फार मोठा आहे आणि नवशिक्याच्या हाती तो बहुधा अनवधानाने येतो. रंग नाही म्हणून तो सवयीने हातातील सर्वांत निरुपयोगी पान टाकतो, समजा किलवरची तिर्री. आणि ज्या रंगात त्याच्याकडे ते एकच पान होते तो रंग हुकूम होऊन बसतो. उरलेला डाव तो प्रतिस्पर्ध्यांच्या हुकमाखाली काढतो. अशा वेळी हातातील सर्वांत लांब रंग पाहावा. लहानसहान पाच पाने असलेला रंग, एक्का-राजा असलेल्या दोन पानी रंगापेक्षा हुकूम म्हणून सरस असतो, कारण मोठी पाने कोणत्याही रंगात आपले काम करतातच. दुर्रीला मात्र हुकूम झाल्याशिवाय किंमत येत नाही. मुरलेले खेळाडू तर हा अधिकार मिळवण्यासाठी एकटे पान मुद्दाम पहिल्या उतारीला खेळतात, म्हणजे त्या रंगाच्या पुढच्या फेरीला हुकूम करण्याची संधी आपल्याला मिळावी.

बंद हुकमात एक जण पान पालथे घालून ठेवतो. इथे लांब रंगाचाच नियम लागू, परंतु चूक वेगळी होते: पान लपवणारा त्याकडे वारंवार पाहत राहतो किंवा ते निवडायला इतका वेळ लावतो की त्याची अडचण सर्वांना कळते. जिथे हुकूम उघडायला लावणे ऐच्छिक आहे, तिथे भिडूचा हात होत असताना उत्साहाने ‘हुकूम दाखवा’ म्हणणे ही तर दुहेरी हानी. गुपितही फुटते आणि आपल्याच भिडूचा हात आपण कापतो.

भिडूचा हात कापणे हा मेंढीकोटातील सर्वांत बदनाम अपराध आहे, आणि त्याचे मूळ कारण असे की नवशिक्या पडलेल्या चार पानांकडे न पाहता स्वतःच्या हातातील पानांकडे पाहत असतो. रंग संपला की ‘आता मला कापता येईल’ एवढेच त्याला सुचते. वास्तविक रंग संपला आणि हात भिडूचा होत असेल, तर ती दुसऱ्याच एखाद्या रंगातील अडकलेली दश्शी सोडवण्याची सुवर्णसंधी असते. बदामच्या उतारीवर भिडूचा एक्का पडला आहे, आपल्याकडे बदाम नाही, इस्पिकची दश्शी मात्र एकटी पडली आहे, ती द्यावी. ‘कशाला धरून बसलास रं तिला?’ असे मामाने म्हणण्याची वेळ येऊ देऊ नये.

तसेच रिकाम्या हातावर मोठा हुकूम घालवू नये. ज्या हातात मेंढी नाही तो हात दोन-दोनची बरोबरी होईपर्यंत जवळजवळ निर्मूल्य असतो. हुकूम हे प्रतिस्पर्ध्याची दश्शी पडलेल्या हातासाठी राखायचे पान आहे. सुरुवातीच्या पाच हातांपैकी चार आपण केले म्हणून फुशारलेल्या जोडीला उरलेल्या आठ हातांत तीन मेंढ्या गमवाव्या लागल्याचे दृश्य कोणत्याही ओसरीवर दिसेल.

मोजणे

पडलेली सर्व पाने लक्षात ठेवा, असा उपदेश नवशिक्याला केला जातो आणि तो ऐकून तो काहीच लक्षात ठेवत नाही. बावन्न पाने आरंभी कोणालाच जमत नाहीत. दोनच गोष्टी मोजाव्यात: कोणत्या मेंढ्या पडल्या आणि हुकूम किती पडले. एखाद्या रंगाच्या तीन फेऱ्या चौघांनीही रंग देऊन पूर्ण केल्या असतील तर बारा पाने संपली, बाहेर एकच उरले. एवढा हिशेब तर बोटांवर होतो. हे अंगवळणी पडल्यावर चार एक्क्यांकडे वळावे.

दोन मेंढ्या त्यांच्याकडे आणि दोन आपल्याकडे झाल्या की खेळ त्या क्षणी बदलतो. आता प्रत्येक हाताला किंमत आली. नवशिक्याला हा बदल जाणवत नाही. तो अजूनही मोठी पाने राखत बसतो आणि आपले हात पाच झाले की सहा याचा त्याला पत्ता नसतो. म्हणून जिंकलेले हात एकावर एक आडवे-उभे रचून ठेवण्याची जुनी रीत चांगली. नजर टाकताच संख्या कळते.

रंगाचे पान हातात असताना चुकून दुसरे टाकले जाणे ही चूक पाने नीट न लावल्यामुळे होते. विशेषतः बदाम आणि चौकट शेजारी आले की लाल रंगात घोटाळा होतो. म्हणून एक काळा, एक लाल असे आलटून पालटून रंग लावावेत. लक्षात येताच कबूल करावे. हात उलटण्यापूर्वी पान परत घेऊ देण्याचा उदारपणा बहुतेक घरांत असतो, हात पालथा झाल्यावर नसतो.

खाणाखुणांविषयी एक शब्द. भिडूला खोकून, पायाने डिवचून सांगणे हा खेळाचाच भाग आहे अशी पुष्कळांची प्रामाणिक समजूत असते. तसे मानणारी घरे आहेत हे खरे, परंतु त्या सवयीने नवशिक्याचे नुकसान अधिक होते: खूण मिळते म्हणून तो पडलेल्या पानांवरून अंदाज बांधायला कधी शिकतच नाही. भिडूने पहिल्या उतारीला कोणता रंग काढला, कोणत्या हातावर काय फेकले, हीच त्याची कायदेशीर भाषा.

पैसे लावण्याचा मोह मात्र पूर्णपणे टाळावा. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा मूळचा १८८७ चा असून तो आजही लागू आहे. सार्वजनिक ठिकाणी पैसे लावून पत्ते खेळणाऱ्यांवर त्याच्या कलम १२ (अ) खाली गुन्हे नोंदवल्याच्या बातम्या जिल्हा पानांवर नित्य असतात. गावातील पार किंवा चावडी ही सार्वजनिकच जागा. मोबाइलवर शिकू पाहणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे की पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला.

शिकवणाऱ्यांसाठी एक सोपी युक्ती. नवा भिडू असेल तर पहिले दोन डाव चौघांनीही पाने उघडी, चटईवर मांडून खेळावेत आणि प्रत्येक पानामागचे कारण मोठ्याने सांगावे. तिसऱ्या डावाला नवशिक्याने पाने हातात घ्यावीत, पण प्रत्येक हातानंतर त्याला एकच प्रश्न विचारावा: मेंढ्या किती पडल्या? आणि हरलेल्या जोडीनेच पुढचा डाव पिसून वाटायचा, ही रीत पाहुण्या भाच्यासाठीही शिथिल करू नये. वाटताना एखादे पान उताणे पडले तर सगळी पाने गोळा करून पुन्हा पिसावीत, या वेळी नीट.